शाळकरी मुलांच्या अ‍ॅक्टिव्हिटी डेटाला एक कोसाइन पुरत नाही, मग लावायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या दोन शाळा, एक सकाळ सत्राची आणि एक दुपार सत्राची, आठवी ते दहावीची मिळून १२० मुलं, मनगटावर सात-सात दिवस घड्याळासारखा, हालचाल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर, मिनिटामिनिटाचा डेटा. गाइड म्हणतात प्रत्येक मुलाला कोसायनर, म्हणजे २४ तासांची एक लाट, बसवा, अ‍ॅक्रोफेज (लाटेच्या शिखराची वेळ) काढा आणि दोन्ही शाळांमध्ये टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) मारा. आर-स्क्वेअर (डेटातला किती चढउतार मॉडेलने पकडला तो आकडा) ०.२ च्या आसपास येतोय, रेसिड्युअलचा, म्हणजे मॉडेलने न पकडलेल्या उरलेल्या भागाचा, प्लॉट बघवत नाही, आणि थिसिस सबमिशन डोक्यावर आलंय. मी बरीच वर्षं असल्याच डेटावर काम करते, त्यामुळे जरा पाल्हाळ लावणार आहे, घाई असेल तर शेवटचे चार-पाच पॅरा आधी वाचा.

आधी आर-स्क्वेअरचं टेन्शन काढून टाका. मिनिटाच्या डेटात पोरगं एका मिनिटाला पळतंय, पुढच्या मिनिटाला बाकावर टेकलंय, हा सगळा चढउतार कुठलंच गुळगुळीत मॉडेल पकडणार नाही आणि पकडूही नये. तोच डेटा तासाच्या सरासरीवर आणा, आर-स्क्वेअर आपोआप वर जाईल, मॉडेल मात्र तेवढंच चांगलं किंवा वाईट राहील. बघायचं ते वेगळंच: रेसिड्युअल घ्या, सगळ्या दिवसांची घड्याळाच्या वेळेप्रमाणे सरासरी काढा, प्लॉट करा. शून्याभोवती वेडीवाकडी रेघ आली तर ठीक, पण दुपारी दोन-तीनला खोल खड्डा आणि सहा-सातला उंचवटा दिसला तर मॉडेलचा आकारच चुकलाय. तुमच्या सकाळच्या शाळेत नेमकं हेच दिसणार, पैज लावते.

कारण कोसायनर म्हणजे काय, तर २४ तासांचा एक कोसाइन आणि एक साइन, साध्या रिग्रेशनमध्ये टाकलेले. त्यातून तीन आकडे मिळतात, मेसॉर म्हणजे मधली पातळी, अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणजे त्या पातळीपासून लाट किती उठते, आणि अ‍ॅक्रोफेज म्हणजे लाटेचं शिखर किती वाजता. शरीराच्या तापमानासारख्या गोष्टीला हे बऱ्यापैकी बसतं. आता सकाळ सत्राचा मुलगा घ्या. सहाला उठतो, सातला शाळा, मधल्या सुट्टीत धुडगूस, साडेबाराला घरी, जेवून आडवा, मग पाचला क्लास किंवा ग्राउंड, रात्री साडेदहा-अकराला झोप. दोन उंचवटे आणि मध्ये दरी. याला एकच कोसाइन बसवलात की शिखर कुठे पडेल? दोन उंचवट्यांच्या मध्ये, म्हणजे पोरगं पांघरूण घेऊन झोपलंय त्या वेळेला तुमचं मॉडेल सांगणार की आता सगळ्यात जास्त हालचाल चालू आहे. आणि दुपार सत्राच्या मुलाचा दिवस वेगळ्याच आकाराचा, त्याचं शिखर वेगळ्या कारणाने वेगळीकडे पडणार. मग या दोन अ‍ॅक्रोफेजमधल्या ४० मिनिटांच्या फरकाला टी-टेस्ट लावून पी व्हॅल्यू ०.००१ आली, म्हणजे फरक नुसत्या योगायोगाने येणं अवघड असं दिसलं, तरी त्या ४० मिनिटांचा अर्थ काय, हे व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) कोणी विचारलं तर उत्तर नसेल.

यावर पहिला स्वस्त उपाय म्हणजे १२ तासांची आणि जमल्यास ८ तासांची हार्मोनिक, म्हणजे जास्तीची छोटी लाट, घालायची. रिग्रेशनमध्ये दोन-दोन कॉलम वाढतात, बाकी काही नाही. दुसरा उपाय २००६ साली मार्लर आणि मंडळींनी सुचवलेला एक्स्टेंडेड कोसायनर, त्यात कोसाइन सिग्मॉइडमधून (एस आकाराच्या वक्रातून) काढतात म्हणजे रात्रीची सपाटी आणि दिवसाचं पठार नीट येतं, चढण उतरण केव्हा होते तेही कळतं. मोठ्या माणसांच्या नोकरीच्या दिवसाला तो छान बसतो. पण पठार एकच असतं हे त्याचं गृहीतक, त्यामुळे दुपारी झोपणाऱ्या पोरांसाठी मी तो वापरत नाही, हार्मोनिक बऱ्या.

आता मॉडेलपेक्षा मोठा प्रॉब्लेम, जो कोणीच विचारत नाही. तुमच्याकडे शाळा दोनच आहेत आणि दोघींची सत्रं वेगळी. म्हणजे सत्राचा परिणाम आणि शाळेचा परिणाम एकमेकांत पूर्ण मिसळलेत. एक शाळा कॉलेज रोडला असेल, दुसरी सातपूर-अंबडच्या बाजूला, एकीकडची मुलं स्कूल व्हॅनने येतात, दुसरीकडची सायकलने, एकीकडे आईवडील दोघं ऑफिसला, दुसरीकडे वडिलांची शिफ्ट ड्युटी, तर जो फरक दिसेल तो सत्राचा की वस्तीचा? शाळेला रँडम इफेक्ट द्या, म्हणजे शाळाशाळांमधला फरक मॉडेललाच काढू द्या, असं कोणीतरी सांगेलच, पण दोन शाळांवरून शाळाशाळांमधला व्हेरियन्स काढणं म्हणजे नुसतं सॉफ्टवेअरचं मन राखणं. १२० मुलं ही १२० मुलंच आहेत, पण सत्राच्या प्रश्नासाठी तुमचा सॅम्पल साइज दोन आहे. हे कुठल्याही मॉडेलने सुटत नाही, हे थिसिसमध्ये लिमिटेशन म्हणून स्पष्ट लिहावं लागेल. एकाच इमारतीत दोन्ही सत्रं भरणाऱ्या शाळा आपल्याकडे ढिगाने आहेत, तिथून मुलं घेतली असती तर शाळेचा फरक गेला असता, मात्र तिथे बऱ्याचदा लहान वर्ग एका सत्रात आणि मोठे दुसऱ्या सत्रात असतात, मग वयाची भानगड सुरू होते.

आणि या वयात वय ही किरकोळ गोष्ट नाही. किशोरवयात झोपेची वेळ पुढे पुढे सरकत जाते, झोपेच्या वेळांचे अभ्यासक रोनेबर्ग यांच्या २००४ च्या विश्लेषणात हे सरकणं मुलींमध्ये साधारण साडेएकोणीस आणि मुलांमध्ये जवळपास एकवीसपर्यंत चालू राहतं, मग उलटं फिरतं. किशोरवयातल्या झोपेच्या संशोधक मेरी कार्स्कॅडन यांचं काम तर हेच सांगतं की यात वयात येण्याचा टप्पा महत्त्वाचा, नुसतं मोबाइलला दोष देऊन भागत नाही. त्यामुळे आठवीचा मुलगा आणि दहावीची मुलगी यांना एका बादलीत टाकू नका. वय महिन्यांत घ्या, लिंग घ्या, त्यांचा इंटरॅक्शन (वयाचा परिणाम मुलग्यांत आणि मुलींत वेगळा असू शकतो तो भाग) घ्या, आणि प्युबर्टीची प्रश्नावली भरून घेतली असेल तर सोनंच.

आता डेटा साफ करण्याकडे येऊ, कारण अर्ध्याहून जास्त गडबड इथेच होते.

टाइमझोन आधी तपासा. बरीच उपकरणं वेळ यूटीसीमध्ये साठवतात, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. एक्स्पोर्ट करणाऱ्या लॅपटॉपचं सेटिंग चुकलं की अख्खा दिवस सरकतो, आणि गंमत म्हणजे कोसायनर तरीही मस्त बसतो, फक्त दुपारी तीनचं शिखर सकाळी साडेनऊला दिसतं आणि साडेनऊ ही वेळ इतकी संभाव्य वाटते की कोणाला शंका येत नाही. दोन शाळांचा डेटा दोन वेगळ्या लॅपटॉपवर उतरवला असेल तर हे पहिलं बघा. झोप सुरू व्हायची वेळ संध्याकाळी पाच-सहा आली तर समजा घोळ आहे.

नॉन-वेअर दुसरं. घड्याळ काढून ठेवलंय की मूल खरंच शांत झोपलंय, हे ओळखायचं असतं. चोईंच्या अल्गोरिदमची ९० मिनिटांची खिडकी (साधारण तेवढा वेळ शून्य हालचाल म्हणजे घड्याळ काढलेलं) किंवा जीजीआयआर या सॉफ्टवेअर पॅकेजची तिन्ही अक्षांवरच्या स्टँडर्ड डेव्हिएशनची (चढउताराच्या मापाची) पद्धत, दोन्ही चालतात, एक ठरवा आणि लिहा. पण पोरं घड्याळ केव्हा काढतात याची चौकशी करा. कबड्डीच्या आधी, पोहायला जाताना, आणि युनिट टेस्टला सुपरवायझर काढायला लावतात तेव्हा. म्हणजे गायब झालेला डेटा नेमका सगळ्यात जास्त हालचालीचा किंवा सगळ्यात कमी हालचालीचा असतो, सहज कुठलाही नसतो. तिथे शून्य भरणं तर गुन्हाच. जीजीआयआर त्याच मुलाच्या बाकीच्या दिवसांची त्याच वेळची सरासरी भरतं, सोमवारच्या पीटीच्या जागी मंगळवारचा गणिताचा तास भरला जाऊ शकतो एवढं भान ठेवा. रिकाम्या जागा तशाच ठेवून मिक्स्ड मॉडेल (सगळ्यांचा सामाईक भाग आणि प्रत्येक मुलाचा वेगळेपणा एकत्र बसवणारं, पुढे येतंय) चालवणं मला जास्त पटतं, आणि खेळाची डायरी असेल तर ती सोबत.

रिक्षाचे हादरे तिसरं. खड्ड्यांतून जाणाऱ्या रिक्षात किंवा बसमध्ये बसलेलं मूल मनगटाच्या सेन्सरला चालताना वाटू शकतं, शिवाय हे हादरे रोज ठरलेल्या वेळी येतात, त्यामुळे ते रिदममध्ये बेमालूम मिसळतात. येण्याजाण्याचं साधन मॉडेलमध्ये घाला.

यापुढे दिवसांचा हिशोब. सात दिवस घेतलेत, आणि आपल्याकडे बऱ्याच शाळा शनिवारी अर्धा दिवस भरतात. म्हणजे खरा सुट्टीचा दिवस एकच, रविवार. सोशल जेटलॅग काढायचा असेल, म्हणजे सुट्टीच्या झोपेचा मध्य आणि शाळेच्या दिवसांच्या झोपेचा मध्य यातला फरक, तर तो एका रात्रीवर टांगलेला असणार, आणि त्या रात्री घरी लग्न असेल किंवा मॅच असेल तर संपलं. बाहेरच्या पेपरांत दोन दिवसांचा वीकेंड गृहीत धरलेला असतो, तो कोड तसाच चालवला तर शनिवार सुट्टीत जाऊन बसतो. शिवाय रात्र कुठल्या दिवसाची हेही ठरवा: शनिवारची रात्र सुट्टीची, रविवारची रात्र शाळेची. म्हणून दिवस मध्यरात्रीपासून न मोजता दुपारी बारा ते दुपारी बारा असा कापा. मात्र दुपारची झोप बाराच्या जवळ सुरू होत असेल तर ती वेगळी काढा, नाहीतर ती रात्रीच्या झोपेला चिकटते.

त्याच कापण्याचा दुसरा फायदा असा की सर्क्युलर स्टॅटिस्टिक्सची, म्हणजे घड्याळासारख्या गोल फिरणाऱ्या आकड्यांच्या गणिताची, बरीच कटकट वाचते. रात्री साडेअकरा आणि साडेबारा यांची साधी सरासरी काढली तर दुपारचे बारा येतात हे सगळ्यांना माहीत असतं, मग लोक फॉन मायजेस वगैरे गोल आकड्यांची वितरणं घेऊन बसतात. अहो, साडेबाराला २४.५ लिहा, २३.५ आणि २४.५ ची सरासरी २४. वेळा घड्याळभर पसरल्या असतील तेव्हा सर्क्युलर पद्धती लागतात, शाळकरी मुलांच्या झोपेच्या वेळा तशा नसतात.

आता मॉडेल. दोन टप्प्यांची पद्धत, म्हणजे आधी प्रत्येक मुलाला कोसायनर आणि मग निघालेल्या आकड्यांवर टी-टेस्ट, मला का नको वाटते ते सांगते. पहिल्या टप्प्यातली अनिश्चितता दुसऱ्या टप्प्यात पोचतच नाही, सात दिवस नीट घातलेला मुलगा आणि तीन दिवसांत घड्याळ हरवलेला मुलगा दोघांना सारखंच वजन. त्यात अ‍ॅम्प्लिट्यूड हा दोन कोएफिशियंटच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ असल्याने कधी ऋण होत नाही, नॉइज त्याला वरच ढकलतो, म्हणून ज्याचा डेटा कमी त्याचा अ‍ॅम्प्लिट्यूड उगाच मोठा दिसतो. एका शाळेत घड्याळं जास्त काढली गेली असतील तर नुसत्या तेवढ्यामुळे फरक दिसेल.

त्याऐवजी सगळी मुलं, सगळे दिवस एकाच मिक्स्ड मॉडेलमध्ये घाला. मिनिटाचा डेटा १५ मिनिटांवर आणा, १२० मुलं गुणिले सात दिवस गुणिले ९६ म्हणजे ८०,६४० ओळी, साध्या लॅपटॉपवर आरामात चालतं. फिक्स्डमध्ये, म्हणजे सामाईक भागात, २४ आणि १२ तासांच्या साइन-कोसाइन जोड्या, सत्र, शाळेचा दिवस की सुट्टी, आणि या सगळ्यांचे एकमेकांशी इंटरॅक्शन. रँडममध्ये, म्हणजे वेगळेपणाच्या भागात, मुलाच्या पातळीवर इंटरसेप्ट (मूळ पातळी) आणि साइन-कोसाइन, त्याखाली मूल-दिवस या पातळीवर परत तेच. ही दुसरी पातळी लोक सोडून देतात, आणि किशोरवयात खरी गोष्ट तिथेच असते: दोन मुलांमधला फरक एकीकडे, एकाच मुलाचा मंगळवार आणि बुधवार यातला फरक दुसरीकडे, अनेकदा दुसराच जास्त. रेसिड्युअलमध्ये ऑटोकोरिलेशन, म्हणजे शेजारच्या वेळांचं एकमेकांशी नातं, राहणारच, सव्वातीनला खेळणारा मूल साडेतीनला पण खेळत असतो, ते धरलं नाही तर स्टँडर्ड एरर (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) फुकटात बारीक होतात. आर सॉफ्टवेअरच्या एमजीसीव्ही पॅकेजमधल्या बॅम फंक्शनला ऱ्हो (त्या नात्याचा आकडा) देता येतो, फक्त प्रत्येक मुलाची मालिका कुठे सुरू होते ते सांगायला विसरू नका, नाहीतर एका पोराची शेवटची ओळ दुसऱ्याच्या पहिलीला जोडली जाते.

मी स्वतः तुमच्या जागी असते तर हार्मोनिकसुद्धा सोडून त्याच बॅममध्ये सायक्लिक स्प्लाइन (डेटाप्रमाणे वळणारा, दिवसाची दोन्ही टोकं जुळवणारा वक्र) घेतली असती. प्रत्येक सत्र आणि दिवसाचा प्रकार यांना वेगळा वक्र, प्रत्येक मुलाचं स्वतःचं विचलन, आणि मग दोन वक्रांच्या फरकाचा वक्र त्याच्या बँडसकट (अनिश्चिततेच्या पट्ट्यासकट) काढायचा. "सकाळ सत्राची मुलं शाळेच्या दिवशी सहा ते आठ जास्त हलतात, एक ते चार कमी, संध्याकाळी फरक नाही", हे वाक्य मुख्याध्यापकांनाही कळतं, अ‍ॅक्रोफेजमधला फरक कळत नाही. बँड मात्र संपूर्ण वक्रासाठीचा घ्या, बिंदूबिंदूचा नको, नाहीतर दिवसाच्या मिनिटागणिक १४४० टेस्ट करून एखादी तरी लागतेच.

सरासरी वक्राचा एक सापळा आहे तो बघा. रविवारी काही पोरं सातला उठतात, काही दहाला. दोघांचीही उठल्यानंतरची चढण खडी असते, पण सरासरी काढली की एक लांबलचक आळशी उतार येतो, जो एकाही मुलाचा नाही, आणि त्यावरून कोणीतरी लिहितं की सुट्टीच्या दिवशी मुलं हळूहळू जागी होतात. म्हणून वक्र दोनदा काढा, एकदा घड्याळाच्या वेळेवर, एकदा उठल्यापासूनच्या तासांवर. पहिल्यात फरक आणि दुसऱ्यात नाही, तर दिवस नुसता सरकलाय. दोन्हीत फरक, तर दिवसाचा आकारच बदललाय. तुमच्या अख्ख्या थिसिसचा मुद्दा माझ्या मते हाच असायला हवा.

हालचालीचे आकडे भयानक स्क्यूड असतात, रात्रभर जवळपास शून्य आणि दिवसा शेपूट लांब. लॉग घ्यायचा रिवाज आहे, घ्या, पण एक मिळवून लॉग घेताना युनिट बघा. काउंट हजारांत असताना एक मिळवणं काहीच नाही, मिली-जीमध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागात) रात्रीचे आकडे दोन-पाचच्या घरात असताना एक मिळवणं बरंच काही आहे. लॉगनंतर रात्रीचे बारीक फरक फुगतात आणि दिवसाचे मोठे फरक दबतात, म्हणून शंका असेल तर दोन्ही स्केलवर चालवून दाखवा.

आयएस (दिवस एकमेकांसारखे किती), आयव्ही (दिवस किती तुटक), एल५ (सगळ्यात शांत पाच तास), एम१० (सगळ्यात हालचालीचे दहा तास) हे नॉनपॅरामेट्रिक, म्हणजे लाटेचा आकार गृहीत न धरणारे, आकडे विटिंग आणि मंडळींपासून, म्हणजे १९९० पासून, चालत आलेत आणि परीक्षक मागतातच, तर द्या. फक्त आयएस दिवसांच्या संख्येवर अवलंबून असतो हे जाणून द्या. रिदम अजिबात नसलेल्या निव्वळ नॉइजलासुद्धा तासाच्या डेटावर सात दिवसांत आयएस साधारण ०.१४ येतो, पाच दिवसांत ०.१९. म्हणजे कमी दिवस घातलेलं मूल जास्त नियमित दिसतं! सगळ्यांचे सारखेच दिवस घ्या, आणि रविवार सगळ्यांचा आत किंवा सगळ्यांचा बाहेर.

आणि थिसिसच्या टायटलमध्ये "बॉडी क्लॉक" लिहू नका. मनगटाची हालचाल शाळेची घंटा, क्लासची वेळ, आईची हाक यांनी ठरते, आतलं घड्याळ त्याच्या मागे झाकलेलं असतं. ते बघायचं तर अंधुक उजेडात लाळेतलं मेलाटोनिन मोजावं लागतं. तुम्ही मोजताय तो वेळापत्रकाखाली जगला गेलेला दिवस, आणि तोही पुरेसा महत्त्वाचा आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊच्या आधी नको असं सांगितलं ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी, तुमची आठवी-दहावीची मुलं त्यात येतच नाहीत, उलट अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये साडेआठच्या आधी नको म्हटलं ते नेमकं मोठ्या वर्गांसाठी. त्यात नाशिकचं रेखांश धरा: आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंशांवर चालतात, आपण ७३.८ च्या आसपास, म्हणजे सूर्य घड्याळाच्या सरासरी ३५ मिनिटं मागे. जानेवारीत सातची शाळा भरते तेव्हा सूर्य उगवलेलाही नसतो. म्हणून एक शाळा डिसेंबर-जानेवारीत आणि दुसरी मार्चमध्ये केली असेल तर तारीख किंवा सूर्योदयाची वेळ मॉडेलमध्ये हवीच, अर्थात दोनच शाळा आणि दोन ऋतू असतील तर तेही सत्रातच मिसळलं.

गाइडना कोसायनर हवाच असेल तर २४ अधिक १२ तासांचा मिक्स्ड कोसायनर मुख्य टेबलात द्या, अ‍ॅक्रोफेजचा कॉन्फिडन्स इंटरव्हल मुलांवर बूटस्ट्रॅप (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा निवड) करून काढा, आख्खं मूल उचलायचं, सुट्या ओळी नाहीत. स्प्लाइनचा वक्र आकृतीत टाका, बोलणं आकृतीवरच होईल. टी-टेस्ट सप्लिमेंटमध्ये.

आणि सबमिशनला अजून दिवाळी मध्ये असेल, तर एक करा. यातलीच ४०-५० मुलं परत गाठा, सुट्टीत त्यांना पुन्हा आठवडाभर घड्याळं घाला, भाऊबीजेपर्यंतचे दिवस सोडून नंतरचे घ्या कारण फटाके आणि पाहुणे यांत काही नॉर्मल नसतं. मग प्रत्येक मूल स्वतःशीच तुलनेला येतं, शाळा असताना आणि नसताना, आणि दोन शाळांचं जे कोडं आत्ता सुटत नाहीये त्याला निदान बगल देता येते. एथिक्स कमिटीला अमेंडमेंट लागेल आणि पालकांची संमती आणि मुलांची असेंट (स्वतःचा होकार) परत घ्यावी लागेल, तर तो अर्ज या आठवड्यातच टाका, कारण कमिटीची मीटिंग तुमच्या सोयीने होत नसते.